पिशवीतल्या पाण्याचंही भाडं लागतं

प्रश्न : ताई, मी अमळनेरला शिक्षक आहे. मुलीच्या हट्टापायी माशांची दोन फुटी टाकी घेतली. जळगावात एकाच दुकानात, एकाच भिंतीला लावलेल्या टाक्यांमध्ये ४० रुपयांची गप्पीची जोडी, १,२०० रुपयांचा एक डिस्कस आणि २,५०० रुपयांची अरोवाना पाहिली. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "जातीवर असतं, सर." जातीवर म्हणजे नेमकं कशावर? आणखी एक. जो निऑन मासा मला जळगावात ३५ रुपयांना पडला, तोच माझ्या मेव्हण्याला मुंबईत २० रुपयांना मिळतो. मधले १५ रुपये जातात कुठे?

उत्तर : सर, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

जळगावातलं माझं शोभेच्या माशांचं दुकान एकोणीस वर्षांचं. माल येतो मुंबईहून, कुर्ल्याच्या घाऊक बाजारातून. तिथे तो बहुतेक चेन्नईच्या कोळत्तूर भागातून नाहीतर कोलकात्याकडून आलेला असतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत थर्माकोलच्या पेट्या ठेवतात आणि पहाटे साडेपाचला आकाशवाणी चौकात मी त्या उतरवून घेते. पेटी हातात आली की पहिल्यांदा कानाशी धरते. आत पाणी हलल्याचा आवाज आला तर एखादी पिशवी फुटलेली आहे हे उघडण्याआधीच कळतं.

फेब्रुवारीतल्या एका खेपेचा हिशोब जसाच्या तसा देते. निऑन ३००, दर १४ रुपये, म्हणजे ४,२०० रुपये. पॅकिंग, ऑक्सिजन, ट्रॅव्हल्सचं भाडं, हमाली आणि चौकापासून दुकानापर्यंतची रिक्षा मिळून ९०० रुपये. पिशव्या उघडल्या तेव्हा २२ मेलेले. पुढच्या दहा दिवसांत आणखी ४० गेले. विकायला उरले २३८. आता ५,१०० भागिले २३८ करून बघा. एक जिवंत निऑन मला २१ रुपये ४३ पैशांना पडला. त्यावर दहा दिवसांचं खाद्य, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचं औषध, हीटरची वीज, दुकानाचं भाडं आणि मदतीला असलेल्या मुलाचा पगार. तुम्ही ३५ रुपयांना नेलेल्या प्रत्येक निऑनमध्ये अशाच ६२ मेलेल्या माशांचे पैसे आहेत. मुंबईत तुमच्या मेव्हण्याने घेतलेला मासा रात्रभर डिकीत बसलेला नव्हता, एवढाच फरक.

हाच हिशोब एका मे महिन्यात केला होता. तेवढेच मासे, तेवढेच पैसे, आणि दहाव्या दिवशी जिवंत १३१. एक निऑन ३९ रुपयांना पडला, तोही वीज आणि पगार न धरता. जळगावचा मे तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ला टेकतो, आणि निऑन हा पंचविशीच्या आसपासच्या पाण्यात सुखाने राहणारा मासा. पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो आणि माशाला मात्र त्या उकाड्यात ऑक्सिजन जास्त लागतो. त्याच मे महिन्यात एका रात्री वीज गेली, तासाभरात इन्व्हर्टरने मान टाकली, आणि आम्ही दोघं नवरा-बायको पहाटेपर्यंत मगाने पाणी वर उचलून टाक्यांत ओतत बसलो होतो. गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होते, तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत मी निऑन आणतच नाही. कोणी दुप्पट पैसे देतो म्हणालं तरी नाही.

आता भाड्याचं सांगते, कारण गिऱ्हाइकाला हे दिसत नाही. पिशवीत साधारण एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरतात आणि वर रबर दोनदा पिळून लावतात. मासे आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवलेले असतात, नाहीतर वाटेत त्यांच्याच घाणीने पाण्यात अमोनिया चढतो. दोन लिटर पाण्यात गप्पी पन्नास येतात. चार इंची गोल्डफिश तेवढ्याच पाण्यात फार तर दोन. गाडी असो नाहीतर विमान, भाडं पेटीवर आणि वजनावर लागतं, आणि पेटीतलं जवळजवळ सगळं वजन पाण्याचं असतं. म्हणजे गप्पीच्या वाट्याला पाण्याचे दोन-तीन मोठे चमचे, गोल्डफिशच्या वाट्याला अख्खा लिटर. त्यात मासा एका इंचाचा चार इंची होईपर्यंतचे महिने, ते खाद्य आणि तेवढ्या काळात अडलेली टाकी धरा. म्हणून लांबी चौपट झाली की किंमत चौपटीवर थांबत नाही.

परवा एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, धरणगावकडचे. मोठ्या ओरांडाचा, म्हणजे गोल्डफिशच्याच एका प्रकाराचा, भाव ऐकून म्हणाले, "इतलासा मासाना इतला पैसा?" मी त्यांना हेच समजावून सांगितलं. ते कापसाचे शेतकरी. गाडीभाड्याचा आणि घटीचा हिशोब त्यांना माझ्याहून लवकर कळला.

आता तुमची "जात". दुकानदार खोटं बोलला नाही, त्याने फक्त अर्धं वाक्य सांगितलं. जात म्हणजे तो मासा किती लवकर, किती संख्येने आणि किती कमी कटकटीत पिल्लं देतो. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते. दर चार आठवड्यांनी वीस ते पन्नास, आणि ती पिल्लं तीन महिन्यांत स्वतः व्यायला तयार. ड्रममध्ये ठेवा, सिमेंटच्या टाकीत ठेवा. मग ती महाग कशी राहील? एंजल दिसायला किती राजबिंडा, तरी बोलूनचालून स्वस्त, कारण एका वेळी शेकड्यांनी अंडी देतो आणि पिल्लांना आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, देऊन वाढवता येतं.

डिस्कसचं तसं नाही. त्याची पिल्लं सुरुवातीचे दिवस आई-बापाच्या अंगावर सुटणारा चिकट स्राव खाऊन जगतात. आई-बापाने पिल्लं नाकारली, किंवा घाबरून अंडीच खाऊन टाकली, तर ती वीण गेली. मोठ्या माशाला पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, लागतं, २८ ते ३० अंश गरम लागतं, आणि ते पाणी सतत बदलावं लागतं. आपल्याकडे बोअरचं पाणी कडक, नळ रोज येत नाही. मी डिस्कससाठी आरओचं पाणी साठवते आणि त्यात थोडं नळाचं मिसळते. ते १,२०० रुपये म्हणजे बऱ्याच अंशी त्या पाण्याचे आणि आठ-नऊ महिन्यांच्या राबण्याचे.

अरोवानाबद्दल जरा थांबून बोलते, कारण तिथे माणसं फसतात. तुम्ही पाहिलेली २,५०० रुपयांची सिल्व्हर अरोवाना, मूळची दक्षिण अमेरिकेतली. आज ती पाच इंची आहे म्हणून परवडते. वाढून अडीच-तीन फुटांची होते. तुमची टाकी दोन फुटांची. तिचा खरा खर्च माशाचा नाही, पुढे लागणाऱ्या सहा-सात फुटी टाकीचा आहे, आणि तो दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन लोक मोठी झालेली अरोवाना परत घ्या म्हणून येतात. जागा नसते, नाही म्हणावं लागतं, आणि तो मासा त्याच टाकीत वाकडा होऊन मरतो. लेकीसाठी ती घेऊ नका, सर.

लाखांच्या घरात जाते ती आशियाई अरोवाना, विशेषतः लाल. पिल्लं देण्याजोगी व्हायला तिला तीन-चार वर्षं लागतात, अंडी मोजकी काही डझन, आणि ती नर तोंडात धरून बसतो, पिल्लं पोहती होईपर्यंत महिना-दोन महिने. रानातली संपत आली म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार तिच्या व्यापारावर बंदी आहे. फक्त नोंदणी झालेल्या मत्स्यशेतांत पैदास केलेली, अंगात चिप बसवलेली आणि दाखला असलेली अरोवाना विकता येते. आपल्या वन्यजीव कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर असा मासा बाळगणाऱ्यालाही त्याची नोंदणी करावी लागते. दुर्मीळपणा, हळूहळू होणारी पैदास आणि कागद अशा तिन्हींचे पैसे त्या एका माशात असतात. कागद न देता कोणी स्वस्तात देत असेल तर ती स्वस्ताई नव्हे.

आणि सौंदर्याचं म्हणाल, तर किमतीशी त्याचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. तुमचाच निऑन घ्या. १९३६ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. त्या काळी अॅमेझॉनच्या उपनद्यांतून पकडून, बोटीने आणि विमानाने नेलेला तो मासा श्रीमंतांचा शौक होता. पुढे आग्नेय आशियातल्या शेतांत त्याची पैदास जमली आणि तो मुठीने मिळू लागला. निळा पट्टा तोच, लाल शेपूट तीच. त्याचा भाऊ कार्डिनल अजूनही मोठ्या प्रमाणात ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीतून, बार्सेलोस गावाच्या आसपास जाळीने धरतात, आणि तिथल्या कितीतरी कुटुंबांचं पोट त्यावर चालतं. त्याची आवक नदीच्या पाण्यावर अवलंबून, म्हणून तो कधी असतो, कधी नसतो आणि निऑनपेक्षा महाग पडतो. संध्याकाळी दिवा लावल्यावर दोन्ही टाक्यांसमोर उभे राहा. कुठला महाग, ते डोळ्यांना सांगता येणार नाही.

एकाच जातीत दर्जाचाही फरक पडतो. साधा फायटर मी १०० रुपयांना देते. थायलंडमध्ये २०१६ साली अंगावर तिथल्या झेंड्याचे लाल-पांढरे-निळे रंग उतरलेला एक फायटर लिलावात ५३,५०० थाई बाटना गेला. आपल्या लाखभर रुपयांना. मासा तोच, पण असे रंग पिढ्यान्पिढ्या निवड करून शेकडो पिल्लांतून एखाद्यातच येतात, बाकीची साध्या भावात जातात. पुढे २०१९ला त्या देशाने फायटरला आपला राष्ट्रीय जलचर केलं.

दुकानात गेल्यावर भाव विचाराच, पण त्याआधी एक विचारा : हा मासा तुमच्याकडे कधी आला? काल आलेला निऑन २५ रुपयांना मिळत असेल आणि पंधरा दिवस टाकीत खाऊन-पिऊन राहिलेला ३५ला, तर ३५चा घ्या. मरायचे ते दुकानदाराकडे मरून गेलेले असतात.

प्रश्न : नव्या घराच्या वास्तूला शुभ म्हणून फ्लॉवरहॉर्न मासा ठेवावा असं सुचवण्यात आलं आहे. डोक्यावरचा उंचवटा मोठा म्हणून १८,००० रुपये सांगतात. घ्यावा का? — शहादा

उत्तर : दादा, या माशाची किंमत तीन गोष्टींवर चढते. डोक्यावरचा उंचवटा, ज्याला धंद्यात कोक म्हणतात, अंगावरच्या काळ्या ठिपक्यांची ओळ आणि लाल रंग. मुळात हा नदीतला मासा नव्हे. मध्य अमेरिकेतल्या माशांचा संकर करून १९९०च्या दशकात मलेशियात तो तयार झाला. शेकडो पिल्लांत कोक धरणारे नर थोडे आणि लहानपणी ते ओळखता येत नाहीत, म्हणून ३०० रुपयांचं पिल्लू आणि १८,००० रुपयांचा मोठा नर एकाच आईचे असू शकतात. लक्षात ठेवा, हा कोक कायमचा नसतो. प्रवासाचा ताण, घाण पाणी, निकृष्ट खाद्य यांनी तो उतरतो. मग १८,००० रुपयांतलं घरी काय आलं?

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. चार वर्षांपूर्वी एक बाई दुकानात रडत आल्या. फ्लॉवरहॉर्न गेला होता आणि त्यांना कोणी सांगितलं होतं की त्याने घरावरचं संकट अंगावर घेतलं. मी त्यांच्या टाकीचं पाणी मागवून तपासलं. टाकी सहा दिवसांची, फिल्टर नवा, अमोनिया भरलेला. फिल्टरमध्ये चांगले जंतू रुजायला महिनाभर लागतो, तो न थांबता त्यांनी मोठा मासा आत सोडला होता. तो विषारी पाण्याने गेला. संकटाच्या समजुतीमुळे असे किती मासे मरतात आणि कोणी पाणी तपासत नाही.

मासा आवडत असेल तर जरूर ठेवा. चार फुटी टाकी घ्या, ती महिनाभर चालवा आणि ३०० रुपयांचं पिल्लू आणून एकटं वाढवा. तो माणूस ओळखतो, काचेला बोट लावलं की मागे-मागे येतो. भाकिताचे पैसे कोणाला देऊ नका.

प्रश्न : पारदर्शक अंगावर गुलाबी-हिरव्या रेघा असलेले छोटे मासे साध्या काचमाशापेक्षा दुप्पट भावात मिळतात. जात वेगळी असते का? — चाळीसगाव

उत्तर : जात तीच. रंग सुईने अंगात भरलेला असतो. काही महिन्यांत तो फिका पडतो, आणि त्याआधीच सुईच्या जखमेतून जंतू शिरून बरेच मासे जातात. एका घाऊक व्यापाऱ्याने न विचारता माझ्या पेटीत असे चाळीस पाठवले होते. भिंगाखाली पाहिलं तर पाठीच्या कडेला टोचल्याच्या खुणा होत्या. मी पैसे भरले आणि त्याच्याकडून माल घेणं बंद केलं. ते मासे विकले नाहीत, मरेपर्यंत मागच्या टाकीत ठेवले. कृपा करून हे घेऊ नका. गिऱ्हाईक नसेल तर सुईही उचलली जाणार नाही.

प्रश्न : ताई, मी भुसावळला राहते. अंगण मोठं आहे. घरी मासे वाढवून विकले तर परवडेल का? कुठले घ्यावेत? — एक गृहिणी

उत्तर : परवडेल, पण दुर्मीळ माशाच्या मागे लागू नका. तुमच्या बोअरचं पाणी कडक आहे, हे डिस्कसवाल्याचं दुखणं आहे, तुमचं नाही. गप्पी, मोली, प्लॅटी यांना कडक पाणी मानवतं. तिथून सुरुवात करा. मिसळ रंगाच्या गप्पीला मी एका नगाला सहा-सात रुपये देते, त्यात हाती फार उरणार नाही. एकाच रंगाची, शेपटीचा आकार सारखा असलेली शुद्ध जोडी आणलीत तर ६० रुपयेही आनंदाने देईन. त्यासाठी दर विणीत वेगळ्या रंगाचे मासे बाजूला काढावे लागतील, माद्या आणि नर वेळेत वेगळे करावे लागतील. महिना उलटायच्या आधीच नर ओळखू येऊ लागतात, तेव्हाच करा. एक आठवडा आळस केला की सगळा वाण मिसळून जातो.

टाक्या सिमेंटच्या आणि जमिनीत अर्ध्या उतरवलेल्या बऱ्या, पाणी कमी तापतं. वर हिरवी जाळी दुहेरी लावा. मेमध्ये दुपारी तीनला पाण्यात हात घालून बघा, कोमट लागलं तरी चालेल, चटका बसता कामा नये. डिसेंबर-जानेवारीत रात्री प्लास्टिक ओढून घ्या. आपल्याकडची थंडीही मासे घेऊन जाते.

२०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत मासे संगोपनासाठी ३ लाखांचा प्रकल्प खर्च धरलेला होता. त्यावर महिलांना ६० टक्के अनुदान ठरलं होतं, सर्वसाधारण गटाला ४० टक्के. सध्याचे नियम आणि अर्ज जळगावच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात मिळतील. पण अनुदान येईल म्हणून कर्ज काढून वीस टाक्या बांधू नका. दोन टाक्या आणि पाच जोड्यांवर एक उन्हाळा काढा.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी कोळत्तूरच्या मोठ्या शेतवाल्याकडे नाही. तुमचा मासा इथल्याच पाण्यात जन्मेल, त्याला डिकीत बसावं लागणार नाही, आणि पाणी बदललं म्हणून तो मरणार नाही. माझ्या वहीतले ते ६२ तुमच्या मालात दोन-चारवर येतील, आणि तो फरक मी तुम्हाला भावात देऊ शकते. पहिल्यांदा फक्त दहा मासे आणा, डब्यात, तुमच्या टाकीच्या पाण्यासकट. पंधरा दिवस मी ते वेगळ्या टाकीत ठेवीन. नऊ जिवंत राहिले तर पुढच्या खेपेला पन्नास घेईन. भुसावळहून सकाळची पॅसेंजर पकडलीत तर ऊन चढायच्या आत दुकानात पोचाल. डबा मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून आणा.